टेस्ट लिनक्सवर पास, मॅकवर नापास! असं का होतं?

सॉफ्टवेअरमध्ये बदल केला की जुनं काही बिघडलं नाही ना, हे तपासायला ऑटोमेटेड टेस्ट असतात. युनिक्स घराण्यात त्या बऱ्याचदा शेल स्क्रिप्टमध्ये लिहितात. पण घराणं एक असलं तरी बोली वेगवेगळ्या. फाइलमध्ये जागच्या जागी बदल करणारी ‘सेड -आय’ कमांड लिनक्सवर चालते तशीच्या तशी मॅकवर चालत नाही. प्रोग्रॅम ठणठणीत असूनही टेस्ट नापास!

उलटं झालं तर जास्त धोका. २००६ मध्ये उबुंटूने ‘एसएच’ या नावामागचा बॅश शेल काढून चपळ डॅश बसवला. तुलनेसाठी दोन बरोबर चिन्हं बॅशला चालतात, डॅशला नाही. तिथे एरर येते, पण ‘इफ’ ती अट खोटी धरून पुढे जातं. ‘चूक सापडली’ हा निरोप त्या अटीच्या आत असेल, तर तो कधीच येत नाही. बिघडलेलं सॉफ्टवेअर बिनबोभाट पास.

म्हणून १९८८ पासूनच्या पॉझिक्स मानकातल्याच कमांड वापराव्यात, असं सांगितलं जातं. गिटच्या टेस्ट अशाच लिहिलेल्या आहेत. शिवाय ‘सेड -आय’सारख्या कमांड हुडकणारी वेगळी स्क्रिप्टही गिटकडे आहे, म्हणजे टेस्टचीही टेस्ट!