फैलाव आणि मारकता

सुरतेच्या पश्चिमेस, हजिऱ्याच्या रस्त्यावर इच्छापोर हे गाव आहे. तेथून शहराकडे येऊन तापी ओलांडली की काही मैलांवर वेड रोडची दाट वस्ती लागते. सप्टेंबर १९९४ मध्ये या वस्तीत फुप्फुसाच्या प्लेगचे रोगी आढळले आणि चार-पाच दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून निघाली. यंत्रमागावर राबणारे खानदेशी मजूरही त्यांत होते. हा रोग औषधावाचून राहिला तर रोगी क्वचितच वाचतो. तेव्हा भय निराधार नव्हते. परंतु पळालेल्यांच्या मागोमाग गावोगाव साथ पेटली नाही. टेट्रासायक्लीन हाताशी होते. मृतांचा आकडा पन्नासाच्या आसपासच थांबला.

रोग मारक किती आणि तो पसरतो किती, हे दोन प्रश्न निराळे होत. याची उलट बाजू १९१८ साली मुंबईने पाहिली. त्या वर्षी १० जून रोजी सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले; त्यांतला एक गोदीवर पहाऱ्यास होता. हा इन्फ्लुएंझा होता. जूनमधील फेरा सौम्य वाटला. बहुतेक रोगी आठवड्याभरात कामावर परतले. सप्टेंबरात मात्र तोच ताप फुप्फुसाचा दाह घेऊन उलटला, आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. तरीही अंथरुणास खिळलेल्यांपैकी बहुसंख्य लोक बरे झाले, हे विसरता कामा नये. शेकडा थोडेच दगावले. पण घरोघर रोगी असल्यामुळे या थोड्यांचीच बेरीज अखंड हिंदुस्थानात एक कोटीच्या वर गेली. शिवाय रोग एक असला तरी मरण सारखे नव्हते. मुंबईत युरोपियनांत दर हजारी ८.३ मृत्यू झाले, तर खालच्या गणल्या गेलेल्या हिंदू जातींत ६१.६. चाळीतील कोंदट खोली आणि त्या वर्षीची महागाई यांचा हिशेब या आकड्यांत मिसळलेला आहे.

फैलाव मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणूच १९३३ मध्ये हाती लागला. इस्पितळाच्या वहीत गंभीर रोगी तेवढे येतात. म्हणून केवळ वही पाहणाऱ्यास नवा रोग आहे त्याहून भयंकर दिसतो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत सुमारे सात हजार लोकांचे रक्त तपासले, तेव्हा झोपडपट्टीत शेकडा ५७ आणि अन्यत्र शेकडा १६ जणांत करोनाची प्रतिद्रव्ये सापडली. पुष्कळांना आपण आजारी पडलो होतो याचा पत्ताही नव्हता. बाधितांमागे मृत्यूंचे प्रमाण यावरून हजारी एकाच्या आत निघाले. वहीतील प्रमाण त्याच्या कित्येक पट होते.

हजारी एक! ऐकावयास किती अल्प वाटते. एप्रिल २०२१ मध्ये तोच विषाणू रूप पालटून परतला, तेव्हा सुरतेच्या स्मशानांतील गॅसच्या भट्ट्या अहोरात्र चालून त्यांचे लोखंडी भाग वितळू लागले होते.