न पुसता येणारी वही

२०१८ साली मी जुन्या लॅपटॉपवर बिटकॉइनचा पूर्ण नोड चालवत होतो. म्हणजे २००९पासूनच्या प्रत्येक व्यवहाराची अख्खी वही, दीडशे जीबीहून मोठी, माझ्या हार्ड डिस्कवर होती. बँक नाही, सरकार नाही, सगळा हिशेब आपल्या घरात! याचा मला फार अभिमान होता. मग जर्मनीतल्या आखेन आणि फ्रँकफुर्टच्या संशोधकांचा एक शोधनिबंध वाचला.

या वहीत व्यवहारांखेरीज काय दडलंय, हे त्यांनी शोधलं होतं. सोळाशेहून जास्त फायली निघाल्या. बहुतेक निरुपद्रवी. पण मुलांच्या लैंगिक शोषणाच्या सामग्रीकडे नेणाऱ्या २७४ लिंकही त्यांत होत्या. म्हणजे त्या माझ्या घरातही होत्या. मी न मागता.

सुरुवात निरागस होती. ३ जानेवारी २००९च्या पहिल्याच ब्लॉकमध्ये सातोशी नाकामोतोनं लंडनच्या 'द टाइम्स'चा त्या दिवशीचा मथळा कोरून ठेवला, बँकांना सरकारी मदत देण्याबद्दलचा. २०११मध्ये कोणी दिवंगत संगणकतज्ज्ञ लेन सॅसमन यांना श्रद्धांजली लिहिली. २०१३मध्ये नेल्सन मंडेलांचं छायाचित्र आलं. युक्ती साधी होती: पैसे घेणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी आपला मजकूर आकड्यांत बदलून भरायचा. तो पत्ता कुणाचाच नसतो, त्यामुळे पाठवलेले पैसे कायमचे जातात. मजकूर मात्र राहतो.

लोक थांबत नाहीत म्हटल्यावर २०१४मध्ये बिटकॉइनच्या प्रोग्रामरांनी अशा मजकुरासाठी वेगळा कोपरा दिला, फक्त ४० बाइट्सचा. पुढे ही मर्यादा वाढत गेली. आणि २०१९च्या सुरुवातीला, बिटकॉइनमधून फुटून निघालेल्या बिटकॉइन एसव्ही या साखळीवर अत्याचाराच्या लिंक नव्हे, छायाचित्रंच टाकल्याचं उघड झालं.

मग पुसून का टाकत नाहीत? कारण प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा ठसा असतो. जुनं एक अक्षर बदललं तरी पुढचे सगळे ठसे चुकतात. मे २०१८मध्ये युरोपात जीडीपीआर लागू झाला, आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क मिळाला. पण इथे अर्ज द्यायचा कुणाकडे? मालकच नाही.

तरीही मला 'पुसता यायलाच हवं' असं सरळ म्हणवत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पेकिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीनं खुलं पत्र लिहिलं. वीस वर्षांपूर्वीच्या एका लैंगिक अत्याचार प्रकरणाची माहिती मागितली म्हणून विद्यापीठ आपल्यावर दबाव आणतंय, असं तिचं म्हणणं होतं. चीनमध्ये इंटरनेटवरून ते पत्र भराभर काढलं गेलं. तेव्हा कोणी तरी ते इथेरियमच्या एका व्यवहारात टाकलं. ते आजही तिथे आहे.

अत्याचाराबद्दल बोलणारीचा आवाज ज्या गुणामुळे टिकला, त्याच गुणामुळे दुसरीकडे अत्याचार झालेल्या मुलाचं चित्रही टिकतं. वहीला दोन्ही सारखंच.

नोड मी बंद केला, डिस्क पुसली. जगभरच्या हजारो प्रतींपैकी एक कमी झाली, इतकंच. जुने ब्लॉक तपासून टाकून देण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे खरी. पण नव्यानं येणाऱ्याला देण्यासाठी कुणीतरी ते जपावेच लागतात. मर्यादा किती बाइट्सची असावी, यावर प्रोग्रामर आणि मायनर आजही कडाकडा भांडतात. ते वाचताना मला दर वेळी वाटतं, ज्याचं चित्र त्या वहीत गेलं, त्या मुलाला कोणी विचारलं?