पायी फिरती

प्रशासनातील 'फिरती' हा शब्द आता मुख्यतः प्रवासभत्त्याच्या देयकापुरता उरला आहे. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील जिल्हाधिकारी हिवाळ्यात तंबू घेऊन गावोगाव मुक्काम करीत, चावडीवर पाटील-कुलकर्ण्यांशी बोलत, उभी पिके डोळ्यांनी पाहत. त्या फिरतीत हुकमत होती हे खरेच. पण कागदात न आलेले ऐकण्याची सोयही होती. या सोयीचे मोल मला कळले ते महाराष्ट्रात नव्हे, कोलकात्यात.

बदली होऊन तेथे गेल्यावर काही महिन्यांतच मला शहर कळले असे वाटू लागले होते. एका प्रस्तावावर मी टिपणी लिहिली की, अमुक दोन वस्त्यांना एकच सेवाकेंद्र पुरेल. कारण नकाशावर त्या एकमेकींना लागून होत्या. कार्यालयातील एक वयस्क लिपिक एवढेच म्हणाले, "सर, एकदा पायी जाऊन या." गेलो. मध्ये कालवा होता आणि पूल बराच दूर. नकाशात कालव्याची रेघ होती, मी तिच्याकडे लक्ष दिले नव्हते इतकेच. म्हाताऱ्या माणसांना तेवढा वळसा रोज घालावा लागला असता. टिपणी बदलली, आणि त्यानंतर दर रविवारी सकाळी पायी हिंडण्याचा परिपाठ ठेवला.

हिंडत हिंडत शहराची गोष्ट सांगण्याची परंपरा कोलकात्यात जुनी आहे. १८६२ साली कालीप्रसन्न सिंह यांचे 'हुतोम प्यांचार नक्शा' पुस्तकरूपाने आले. ऐन विशीतील या लेखकाने घुबडाचे टोपणनाव घेऊन चडकाचा उत्सव, सार्वजनिक पूजा, बाबूलोकांचे थाट असे रस्त्यावरचे शहर रस्त्यावरच्याच बोलीत मांडले. त्याच सुमारास, १८६३ मध्ये, आपल्याकडे गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. एकाचा बाज उपहासाचा, दुसऱ्याचा माहितीचा. परंतु इंग्रजांनी वाढविलेली दोन बंदरे, आणि त्यांचे वर्णन देशी भाषेत करावे असे दोन देशी माणसांना जवळजवळ एकाच वेळी वाटावे, हा योग लक्षात राहण्याजोगा आहे.

अलीकडच्या काळात ही परंपरा चालविली ती एका परप्रांतीयाने. परमेश्वरन थंकप्पन नायर १९५५ साली केरळातून कोलकात्यास आले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. उपजीविकेसाठी त्यांनी टंकलेखन केले, पत्रकारिता केली. आणि उरलेल्या वेळात गल्लीबोळ पायी पालथे घातले, ग्रंथालयांत जुनी दप्तरे वाचली. कोलकात्याच्या रस्त्यांचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९८७ मध्ये आला. एकूण साठांहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. लोक त्यांना 'अनवाणी इतिहासकार' म्हणत. २०१८ मध्ये ते केरळात परतले आणि २०२४ मध्ये निवर्तले. परगावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या माणसाचा आधार वाटावा. घर आणि कचेरी यांच्या दरम्यानचे शहर आपण सारेच ओळखतो. त्याने उरलेले शहर पायांनी आपलेसे केले.

माझ्या रविवारच्या फेऱ्यांतील एक मात्र विसरता येत नाही. उत्तरेकडे बागबाजारात हिंडताना एका भिंतीवर पाटी दिसली : मराठा डिच लेन. मराठा खंदक गल्ली! नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालात शिरले, तेव्हा १७४२ साली कंपनीच्या वसाहतीभोवती हा खंदक खोदण्यास आरंभ झाला. लांबी सात मैल योजिली होती. तीन मैल खणून झाले आणि काम थांबले. मराठे तेथवर आलेच नाहीत. खंदकाचा मोठा भाग पुढे १७९९ मध्ये बुजवून सर्क्युलर रोड झाला; आजचे आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस मार्ग ते हेच.

पाटीजवळ रेंगाळलेला पाहून एका घराच्या रोयाकावर, म्हणजे आपल्या ओट्यावर, बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, कोठले? महाराष्ट्राचा, असे सांगताच ते हसून म्हणाले, "अरे, म्हणजे बर्गी!" मग चहा मागविला आणि गोष्ट सुरू केली. बारगीर या आपल्या शब्दाचे बंगालीत 'बर्गी' झाले. बर्गी आले, आता सारा कोठून भरायचा, असे सांगणारे अंगाईगीत त्यांना त्यांच्या आजीने ऐकविले होते. गोष्ट मध्येच आजीच्या माहेरी गेली, तेथून माशांच्या भावावर आली, आणि कीर्तनकार आख्यानाकडे वळावा तशी पुन्हा बर्गींवर आली. घाई असलेल्या माणसाला ती ऐकताच आली नसती.

शाळेत मी ही स्वारी अभिमानाने शिकलो होतो. १७५१ च्या तहाने बंगालची चौथाई वर्षाला बारा लाख ठरली, हा आकडा मला पाठ होता. आपल्या दप्तरात ती वसुली आहे. त्यांच्या घरात ती मुलाला निजविताना सांगायची धास्ती आहे. गंगाराम या बंगाली कवीने त्याच काळात रचलेल्या 'महाराष्ट्र पुराणा'त गावे जाळल्याची, माणसे पळाल्याची वर्णने आहेत, हे मी पुढे वाचले. पण वाचण्याआधी ओट्यावर ऐकले होते, म्हणून ते टाळता आले नाही. त्या गृहस्थांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्या चहाचा संकोच वाटला.

वसुलीचे आणि योजनांचे आकडे लिहिण्यात माझी नोकरी गेली. प्रत्येक आकड्याला दुसरी बाजू असते, आणि ती बहुधा कार्यालयात चालत येत नाही. आपणच तिच्याकडे चालत जावे लागते. शासकीय दैनंदिनीत कोठे गेलो, किती अंतर, कोणत्या वाहनाने, हे रकाने असतात. काय ऐकले, हा रकाना नसतो. कोलकात्यापासून मी तो वहीच्या समासात स्वतःच आखीत आलो. परगावी असलेल्या वाचकांनीही एखाद्या सुटीच्या दिवशी वाहन घरी ठेवून निघावे. आपल्या नावाची एखादी गल्ली, आणि तिच्यामागची अपरिचित गोष्ट, भेटण्याचा संभव आहे.