जमीन तीच, जिल्हे तीन
निजामाच्या राज्यात आपला अहमदपूर तालुका बीदर जिल्ह्यात होता. 1956 साली तो उस्मानाबादेत आला, 1982 पासून लातूर जिल्ह्यात. म्हणून जुन्या कागदावर बीदर दिसलं तर दचकू नका, तो नीट वाचून घ्या. त्या काळी बऱ्याच जमिनी इनामाच्या, कुळाच्या होत्या. 1950 च्या कुळकायद्यानं कसणाऱ्याला हक्क मिळाले. तरी अशा कित्येक जमिनींच्या सातबाऱ्यावर आजही ‘भोगवटादार वर्ग 2’ असतं. ती सहसा सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. व्यवहार अडकतो, आपली बचतही अडकते. कुणी स्वस्तात जमीन दाखवली, तर इसार देण्याआधी सातबारा, फेरफार आणि 1954-55 चं खासरापत्रक बघा. स्वस्ताईचं कारण पुष्कळदा तिथंच लिहिलेलं असतं.