दातांचा डॉक्टर आणि तंबाखूचे व्यसन

तंबाखू आणि वैद्य यांच्यातील एक फार जुना वाद आपल्या दख्खनशी जोडलेला आहे. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी अकबराचा दूत असद बेग विजापूरहून आग्र्यास परतला, तो तंबाखू आणि जडावाच्या कामाची एक नळी बरोबर घेऊनच. बादशहाने कुतूहलाने दोनचार झुरके घेतले, तेव्हा दरबारच्या हकिमाने मोडता घातला. हा पदार्थ अपरिचित आहे, आपल्या ग्रंथांत त्याविषयी काही लिहिलेले नाही, असे त्याचे म्हणणे होते. असद बेगाने युरोपातील विद्वानांचा हवाला दिला. अकबराने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. पण असद बेगाने सरदारांना वाटलेली तंबाखू मात्र घरोघर पोचली. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने मनाईचा हुकूम काढला, त्याचाही फारसा उपयोग झाला नाही.

त्या हकिमापाशी अधिकार होता आणि सदिच्छाही होती. उणीव होती ती दोन गोष्टींची. एक, पुरावा, आणि दुसरी, तो पुरावा माणसाच्या गळी उतरवण्याची हातोटी. पुराव्यासाठी जगाला सुमारे साडेतीनशे वर्षे वाट पाहावी लागली. हातोटी शिकवता येते, हे कळायला त्यानंतरही काही दशके लागली. या दुसऱ्या गोष्टीचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे, आणि तोही सहसा कोणाच्या ध्यानात न येणाऱ्या एका माणसाला मध्यभागी ठेवून. तो माणूस म्हणजे दातांचा डॉक्टर.

प्रथम पुराव्याची हकीकत पाहू. १९५० साली इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी, आणि अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहॅम यांनी, धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. आपणही मागे नव्हतो. मुंबईच्या संशोधकांपैकी संघवी, राव आणि खानोलकर यांनी विडी ओढणे व तंबाखू चघळणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून मांडला. १९६२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा आणि १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा वैद्यकशास्त्रापुरता हा प्रश्न निकालात निघाला.

या पुराव्याचा एक मोठा भाग दंतवैद्यांनीच गोळा केला, ही गोष्ट आपल्याला अभिमानास्पद आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि कोपनहेगनचे प्रा. पिंडबोर्ग यांनी सहकाऱ्यांसह १९६६ ते १९६९ या काळात निरनिराळ्या प्रांतांतील ५०,९१५ खेडुतांची तोंडे घरोघर जाऊन तपासली. १९७२ मध्ये महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडुतांच्या तपासणीचा अहवाल आला. फुप्फुसातील बिघाड डोळ्यांना दिसत नाही. तोंडातील पांढरा चट्टा मात्र बॅटरीच्या उजेडात दिसतो, आणि आरसा धरला तर रोग्यालाही दाखवता येतो. एवढे सोयीचे साधन दुसऱ्या कोणत्याही वैद्याच्या हाती नाही. शिवाय इतर डॉक्टरांकडे माणूस आजारी पडल्यावर जातो. दातांच्या डॉक्टरांकडे तो एरवी धडधाकट असतानाच जातो.

असे असूनही दंतवैद्यकाच्या शिक्षणात या विषयाला दीर्घकाळ जागा नव्हती. विद्यार्थ्याला चट्टा ओळखायला शिकवीत. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्या आतून झिजत असूनही त्यांतून रक्त कमी येते व रोग झाकला जातो, दात काढल्यावर जखम नीट भरत नाही, हेही शिकवीत. पण तोंड तपासून झाल्यावर त्या माणसाशी काय बोलावे, हे शिकवीत नसत. ते आपले काम नव्हे, रोगी रागावेल, पुन्हा येणार नाही, बोलण्याची फी कोण देणार, आणि इतके बोलूनही कोण ऐकणार, अशी कारणे पुढे येत. यांतील शेवटचे कारण सर्वांत बळकट वाटे, आणि नेमके तेच खोटे ठरले.

१९७९ साली रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील २८ डॉक्टरांच्या साह्याने केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. धूम्रपान करणाऱ्या २,१३८ रोग्यांचे चार गट केले. ज्यांना काहीच सांगितले नाही, त्यांपैकी शेकडा ०.३ जणांनी महिन्याच्या आत धूम्रपान सोडले व वर्षभर ते सोडलेलेच राहिले. ज्यांच्याकडून केवळ प्रश्नावली भरून घेतली, त्यांत हे प्रमाण १.६ होते, ज्यांना डॉक्टरांनी सोडण्याचा सल्ला दिला, त्यांत ३.३, आणि सल्ल्याबरोबर पत्रक देऊन पुढे चौकशी करू असे बजावले, त्यांत ५.१. शंभरांत पाच म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण देशातील सर्व डॉक्टरांनी एवढे केले, तर वर्षाला पाच लाखांहून अधिक माणसे सुटतील, असा रसेल यांचा हिशेब होता. एकदोन मिनिटांच्या बोलण्याचे हे फळ आहे. रामबाण उपाय शोधीत बसणाऱ्या वैद्यकाला ही किंमत एकदम उमगली नाही, यात नवल नाही.

आपल्या खेड्यांतही हेच आढळले. मेहता, गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखू खाणाऱ्या व ओढणाऱ्या ३६ हजारांहून अधिक लोकांना वर्षानुवर्षे तपासले आणि समजावले. १९८६ मध्ये निष्कर्ष आले, त्यांत तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले, आणि सोडणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे नव्याने उद्भवण्याचे प्रमाण घटलेले दिसले.

मग बोलण्याचे शास्त्र झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८९ मध्ये डॉक्टरांसाठी आणि लगोलग दंतवैद्यांसाठी मार्गदर्शिका काढल्या. त्यांतूनच पुढे पाच पायऱ्यांची पद्धत रूढ झाली : प्रत्येकाला विचारणे, स्पष्ट सल्ला देणे, त्याची तयारी अजमावणे, साह्य करणे आणि पुढची भेट ठरवणे. विद्यार्थ्याला या पायऱ्या पाठ करायला वेळ लागत नाही. कठीण असते ते त्या माणसासमोर उच्चारणे. म्हणून चांगल्या महाविद्यालयांत एक विद्यार्थी रोगी बनतो, दुसरा डॉक्टर. आणि तिसरा पाहतो की, प्रश्न विचारताना आवाजात तिरस्कार तर आला नाही ना. रोग्याला अपराध्यासारखे वागवले की तो खोटे बोलतो, हे पुस्तक वाचून नव्हे, तर असे करून पाहूनच समजते. निकोटिनचा च्युइंगगम सतत न चघळता मधूनमधून गालात धरून ठेवायचा असतो, कवळी असलेल्याला तो कितपत जमेल, हे सांगायला तर दंतवैद्याइतका योग्य माणूस नाही.

२००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांच्या साह्याने देशोदेशींच्या वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या व औषधनिर्माण या शाखांच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांची पाहणी केली. बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसले : असे शिक्षण हवे, असे म्हणणारे पुष्कळ, ते मिळालेले थोडे. काही विद्यार्थी स्वतःच ओढणारे होते, हेही त्यात उघड झाले. भारतात २०१८ मध्ये दंतवैद्यक महाविद्यालयांतून तंबाखूमुक्ती केंद्रे स्थापण्याविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. विद्यार्थ्याने हे काम रोग्यांसमवेत शिकावे, अशी सोय त्यातून होऊ शकते.

मात्र परदेशी धडा आपल्याकडे जसाच्या तसा गिरवून भागणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील शेकडा २८.६ लोक तंबाखू वापरणारे आढळले. त्यांत ओढणारे शेकडा १०.७, तर खाणारे, चघळणारे अथवा दातांना लावणारे शेकडा २१.४ होते. आपल्या महाराष्ट्रात मशेरी भाजून दातांना लावणारी बाई स्वतःला व्यसनी समजतच नाही. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला तिचे उत्तर खरोखरच ‘नाही’ असेच असते. मशेरीने दात बळकट होतात, ही तिची समजूत दातांच्या डॉक्टरानेच दूर करावयाची आहे. ‘दात कशाने घासता, मावशी?’ असे विचारणारा विद्यार्थी येथे जे जाणून घेईल, ते परभाषेतील मार्गदर्शिका पाठ करणाऱ्याच्या हाती लागणार नाही.

माणसाच्या खाजगी सवयीत डॉक्टरने का पडावे, हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाही. निवड ज्याची त्यानेच करावयाची आहे. परंतु ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षे केलेली पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत जन्मभर ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटलेले दिसले. साठीत सोडणाऱ्यांना त्यांपैकी सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ. हा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्याने तो रोग्यापासून राखून ठेवणे म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याचा आदर नव्हे. आणि आपल्याकडेही एक काम उरतेच : दातांच्या खुर्चीत बसल्यावर तंबाखूविषयी प्रश्न आला, तर राग न मानता खरे ते सांगावे, आणि प्रश्न आलाच नाही, तर आपण होऊन विषय काढावा.