दिनविशेष : 31 डिसेंबर 1930
चर्चगेट-कुलाबा लोहमार्ग आजच्या दिवशी बंद झाला. 1867 मध्ये विरारहून सुटलेली गाडी ज्या बॅक बेपर्यंत आली, त्याच काठाचा हा पुढचा तुकडा. कुलाबा टर्मिनसच्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे वसाहत आहे. मुंबईत जागेला सोन्याचा भाव, तिथे बंद रुळांच्या जागी फिरायला वाट कशाला, असे कोणी म्हणेल. पण यार्डात घरे मावतात; रुळांची पट्टी मात्र अरुंद, सपाट, सलग, म्हणजे इमारतीला अपुरी आणि पायांना पुरेशी. आयर्लंडमध्ये 1937 साली बंद पडलेल्या वेस्टपोर्ट-अॅचिल मार्गावर आज समुद्राकाठी चालण्याची, सायकलची वाट आहे. आपल्याकडे वसई-दिवासारखा चालू मार्ग धावताच राहो. पण बंद पडणाऱ्या फाट्याची पट्टी रूळ उखडण्याआधीच राखून ठेवायला हवी. एकदा तुटलेली वाट पुन्हा जुळत नाही.