एदिर्नेच्या दवाखान्यातील गवई

दहावीतल्या एका विद्यार्थिनीचे बोलणे हळूहळू बंद झाले. झोप नाही, भूक नाही. परीक्षेचे नाव काढले की हात थरथरत. डॉक्टरांनी औषध आणि समुपदेशन सुरू केले व जोडीला संगीतोपचाराचा वर्ग सुचवला. तिचे वडील शाळेत येऊन मला म्हणाले, "मॅडम, दवा देतो. पण गाणंबजावणं आमच्या घरात चालत नाही. हे इंग्रजांचं खूळ आहे."

संगीत जायज की नाजायज, हा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. उलेमांत त्यावर पूर्वापार मतभेद आहेत. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहून अटींसह मुभा दिली आहे. पण 'इंग्रजांचं खूळ' हे काही इतिहासाला धरून नाही.

नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने ऊद या वाद्याच्या तारांचा संबंध शरीरातील चार अखलातींशी, म्हणजे रक्त, कफ, पित्त आणि सौदा यांच्याशी, जोडला. त्याची एक कथा इब्न अल-किफ्तीने नोंदवली आहे. एका व्यापाऱ्याचा हिशेब सांभाळणारा तरुण मुलगा अचानक निपचित पडला. अल-किंदीने ऊद वाजवणारे आपले चार शिष्य त्याच्या उशाशी बसवले. नाडी सुधारली, मुलगा उठून बोलू लागला, बापाने घाईघाईने येणी-देणी लिहून घेतली. वादन थांबताच तो पुन्हा पूर्वीसारखा झाला. आयुष्यच सरले असेल तर माझ्या हाती काही नाही, असे अल-किंदीने सांगितले. कथा खरी-खोटी कशीही असो, सांगणाऱ्याने संगीताला रामबाण ठरवलेले नाही, हे मला मोलाचे वाटते. दहाव्या शतकात बसऱ्याच्या 'इख्वान अस्-सफा' मंडळींनीही संगीतावरील आपल्या रिसाल्यात, बीमारिस्तानात पहाटे वेदना हलक्या करण्यासाठी वाजवल्या जाणाऱ्या सुरावटीचा उल्लेख केला आहे.

सर्वांत तपशीलवार वर्णन मिळते ते तुर्कस्तानातील एदिर्नेचे. तुंजा नदीच्या काठी सुलतान बायजीद दुसरा याने १४८४ ते १४८८ या काळात मशीद, वैद्यकीचा मदरसा, लंगरखाना आणि दारुश्शिफा उभारले. मोठ्या घुमटाखाली षट्कोनी दालन, मध्ये कारंजे, भोवती रुग्णांच्या खोल्या. सतराव्या शतकाच्या मध्यास प्रवासी एवलिया चेलेबी येथे आला. त्याने लिहिले आहे की वक्फने दहा कलावंत नेमले होते, तीन गाणारे आणि बाकीचे नय, संतूर, ऊद अशी वाद्ये वाजवणारे. आठवड्यातून तीन वेळा ते रुग्णांसमोर बसत. रास्त, नवा, सेगाह अशा मकामांची नावेही तो देतो. फुलांचा सुगंध, पथ्याचे जेवण, औषध हे सारे सोबत होतेच. वसंतात प्रेमवेडे तरुण वाढत आणि काहींना साखळदंड घालत, हेही त्याने लपवलेले नाही. एवलिया अतिशयोक्त लिहितो, तेव्हा आकडे थोडे जपूनच घ्यावेत. इमारत मात्र उभी आहे. १९९७ पासून तेथे संग्रहालय आहे.

म्हणून 'सगळे आपणच शोधले' असे म्हणून छाती फुगवण्याचे कारण नाही. आजचा संगीतोपचार हा व्यवसाय म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत घडला, जखमी सैनिकांच्या रुग्णालयांतून. १९४४ मध्ये मिशिगनमध्ये त्याचे शिक्षण सुरू झाले. परिणामही मोजूनमापून तपासले जातात. उत्तर आयर्लंडमध्ये ८ ते १६ वयाच्या २५१ मुलांवर झालेल्या प्रयोगात (निष्कर्ष २०१७) तेरा आठवड्यांनी नैराश्य कमी आणि आत्मविश्वास जास्त दिसला, पण पुढे तो फरक टिकला नाही. म्हणजे औषध आणि समुपदेशन सोडून चालणार नाही.

एदिर्नेची हकीकत मी त्या वडिलांना सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारले, "त्या गवयांना पगार कोण द्यायचं?"

"वक्फ," मी म्हणाले.

"मशिदीच्या शेजारी?"

"एकाच आवारात."

त्यांनी वर्गाची वेळ विचारून घेतली. कागदावर लिहून मात्र घेतली नाही.